अडकित्ता तीनदा वाजतो

शिरसी,
शनिवार

प्रिय तिम्मप्पामामा,

पाकीट हातात पडल्यावर तू ते आधी उलटसुलट करून बघशील, हे मला ठाऊक आहे. फोन असताना भाचीला पत्र कशाला सुचलं, असा संशय तुला येईल. यायलाच हवा. फोन मी चारपाच वेळा केला, आणि दर वेळी आपल्या हवापाण्याच्या गोष्टी झकास झाल्या. तुझी सांधेदुखी, म्हैसूरचं महाग नारळपाणी, समोरच्या घरातला भुंकरा कुत्रा, सगळं तू सांगितलंस आणि माझंही सगळं तुला लख्ख ऐकू आलं. मी 'शल्य' हा शब्द काढला की मात्र "ऐकू येत नाही गं, लाइन खराब आहे" म्हणून तू फोन सूनबाईच्या हातात दिलास. गावच्या माडीवर बसून खालच्या गोठ्यातल्या गाईचा रवंथ ऐकणाऱ्या माणसाचे कान नेमके एका शब्दालाच कसे जातात, ते काही माझ्या डोक्यात शिरेना. कागदाला 'ऐकू येत नाही' म्हणता येत नाही, म्हणून लिहिते आहे. एवढंच कर, हे सूनबाईकडून वाचून घेऊ नकोस. चष्मा शोध आणि स्वतः वाच.

आधी घरचं सांगते. सुपारीची सुगी जोरात आहे. अंगणात सोलणाऱ्या बायका बसल्या आहेत आणि त्यांच्यासाठी कषायाचा काढा उकळून उकळून आई वैतागली आहे. अप्पय्यांचा गुडघा तसाच. मिरवेलीसाठी शिडीवर चढू नका असं डॉक्टरांनी सांगितलं, तर त्यांनी डॉक्टरच बदलला. माझं ध्वनिमुद्रणाचं दुकान बरं चाललंय. सध्या एका मठाची प्रवचनं हातात आहेत. स्वामीजी दर वाक्याआधी घसा खाकरतात, आणि ते खाकरणं वेचून काढताना मला तांदळातले खडे निवडल्यासारखं वाटतं. मुद्रण पुढेमागे फिरवून ऐकायचं, तू दिलेलं चाक अजून चालतं. त्याची रबराची कड झिजली, पण नवं घ्यायला जीव होत नाही.

आता मुद्द्यावर येते. दिवाळीनंतर विघ्नेश्वर दुकानात आला. तोच तो, कुठल्याही समितीत असतो आणि कुठल्याही जेवणावळीत पहिल्या पंगतीला बसतो. "शरक्का, आनंद मास्तरांची पंचाहत्तरी करतोय. त्यांचे गाजलेले प्रसंग स्वच्छ करून दे. सगळ्यात आधी शल्य-सारथ्य. घरघर काढ, खरखर काढ, पण ते मौन काढू नको हं! लोक त्यासाठीच येणार आहेत." मग आपण कुणाच्या मुलीशी बोलतोय हे आठवून त्यानं जीभ चावली. हसू मात्र त्याला चावता आलं नाही. मी काम घेतलं. नाही म्हटलं असतं तर 'बापाचं झोंबलं' म्हणून तो गावभर सांगत सुटला असता.

झोंबतंच रे मामा. तुला माहीत नाही असं नाही. वेष नाही, नाच नाही, चटईवर बसून नुसत्या शब्दांनी महाभारत लढायचं, आणि शब्दही आधी लिहिलेले नाहीत, तोंडाला येतील ते. या ताळमद्दळेच्या खेळात अप्पय्यांचा हात धरणारा अख्ख्या घाटावर कुणी नव्हता. मी लहान असताना माझ्या बापाचा, सुब्राय हेगडेंचा, शल्य ऐकायला लोक डोंगर उतरून येत. घरी आल्यावर ते मला मांडीवर घेऊन सांगायचे, "शरा, चटईवर पात्राला कितीही हाण, माणसाला हात लावायचा नाही. खेळाचा नियम तेवढा एकच." आणि मग ती तबकडी निघाली. आनंद मास्तर कर्ण, अप्पय्या शल्य. कर्ण विचारतो, "शल्यमामा! पांडवांचा तू मामा, आणि बसलास माझ्या रथावर. मीठ दुर्योधनाचं, रक्त माद्रीचं. आज माझे घोडे हाकताना तुझा हात कुणाचा? एवढं सांग, मग लगाम धर." त्यावर शल्य गप्प. श्रुतीच्या पेटीचा सूर तेवढा चालू, आणि मग बऱ्याच वेळानं गाणारे भागवत पुढचं पद उचलतात.

त्या प्रश्नानं मास्तर मोठे झाले आणि त्या मौनानं अप्पय्या संपले. घाटावर म्हणच पडली. बायकोनं हिशेब विचारला आणि नवरा गप्प झाला, की 'शल्य झालास काय रे?' मी धारवाडच्या कॉलेजात वादस्पर्धेला उभी राहिले, एक मुद्दा आठवेना म्हणून क्षणभर थांबले, तर मागच्या बाकावरून कुणी आपल्याकडचाच ओरडला, "अरे, शल्याची पोर ती!" अप्पय्या त्यानंतर चटईवर बसले नाहीत. बोलावणी यायची, ते "गुडघा दुखतो" म्हणायचे. गुडघा तेव्हा दुखत नव्हता, मामा. झाडावर चढून ते स्वतः सुपारी उतरवत होते.

तो प्रसंग देवळात झाला असता तर साक्षीला गाव असता. पण तो झाला तुझ्या माडीवर, खास तबकडीसाठी, भर दुपारी. आवाज घुमू नये म्हणून तू चहूबाजूंनी सुपारीची पोती रचली होतीस. आत होते हे दोघे, भागवत, मृदंगावरचे मद्दळेवाले, कोपऱ्यात पेटीचा भाता हलवत बसलेला माझा आजोबा, आपला अज्ज, आणि यंत्रापाशी तू. भागवत वारले, मद्दळेवाले वारले, अज्जही गेला. राहिलात तुम्ही तिघं, आणि तिघांनाही त्या दुपारबद्दल विचारलं की काही ना काही दुखायला लागतं.

कामाला बसले तेव्हा तुझंच शिकवणं डोक्यात होतं. पहिल्या दिवशी तू माझा हात चाकावर ठेवून म्हणाला होतास, "नेहमीच्या चालीनं ऐकशील तर गोष्ट ऐकू येईल. कापायची जागा ऐकायची तर चाल बदल." चाक हळू फिरवलं की आवाज जाड होत होत खाली जातो, नाजूक बाईसुद्धा रेड्यासारखी डुरकते, शब्द लांबतो आणि दोन शब्दांमधली फट दिसावी तशी ऐकू येते. संगणकात ते दुसरं बटण आलं, आवाज जाड न करता नुसता हळू करणारं, तेव्हा मी किती खूश झाले होते! तू म्हणालास, "ते बटण लबाड आहे. ताणलेल्या जागी स्वतःच्या पदरचं घालून फटी बुजवतं. खरी कड हवी तर आवाजाला खाली पडू दे." आणि दुसरा धडा, "श्वास हा पुढच्या वाक्याचा असतो, मागच्या नव्हे. वाक्य काढायचं तर त्याच्या श्वासासकट काढ, नाहीतर मुंडकं तोडलेला कोंबडा नाचल्यासारखं वाटतं." तिसरा धडा खिळ्याचा. फितीच्या काळात तू कापलेला एकही तुकडा फेकायचा नाहीस, भिंतीतल्या खिळ्याला लटकवून ठेवायचास. संगणक आला तरी तू त्यात 'खिळा' नावाचा कप्पा केलास. "कापलेल्याची कधी गरज लागेल सांगता येत नाही," म्हणायचास.

तर मी त्या मौनापर्यंत आले आणि मला ते ऐकवेना. खरं सांगते, इतक्या वर्षांत मी ते कधी पूर्ण ऐकलं नव्हतं. रेडिओवर लागलं की मी उठून चहा टाकायचे. आताही पळ काढायचा म्हणून चाक जोरात पुढे फिरवलं. पटपट गेलं की संपलं, असा हिशेब. आणि त्या पळणाऱ्या मौनात मला ताल ऐकू आला. कट्, कट्, कट्. अगदी समेवर पडल्यासारखा. मी मागे गेले. नेहमीच्या चालीनं ऐकलं तर काही नाही, श्रुतीचा सूर आणि मध्येच कधी अज्जाचा अडकित्ता. पेटीचा भाता एका हातानं हलवत दुसऱ्या हातानं सुपारी कातरायची त्याची खोड तुलाही माहीत आहे. पण आपला अज्ज कधी तालात सुपारी कातरत होता रे? तो तर भजनातसुद्धा सगळ्यांच्या नंतर टाळी वाजवायचा.

मग चाक हळू फिरवलं. अगदी हळू, आवाज पाताळात जाईपर्यंत. अडकित्त्याची पाती सुपारीवर टेकते, सुपारी जराशी सरकते, मग फुटते आणि त्याच क्षणी भाता 'कुईं' करतो. पुढच्या वेळी तसंच. टेकते, सरकते, फुटते, कुईं. तिसऱ्यांदाही तेच. एका माणसानं एक सुपारी तीनदा तशीच्या तशी कातरलेली मी तरी बघितली नाही. ते मौन नव्हतंच मामा. खोलीतल्या एका छोट्या तुकड्याची कोणीतरी तीन ठिगळं लावली होती. आणि ठिगळ कुणी लावतं ते खाली भोक असतं म्हणून.

ठिगळाच्या अलीकडे आणखी एक गोष्ट सापडली. कर्णाचा प्रश्न संपतो आणि लगेच अप्पय्या श्वास घेतात. आत घेतात, बाहेर सोडत नाहीत. नेहमीच्या चालीनं तो कुणाच्या बापाला ऐकू जाणार नाही. पण हळू फिरवलं की स्पष्ट आहे. गप्प बसणारा माणूस उसासा सोडतो, बोलणारा श्वास आत घेतो. माझ्या अप्पय्यांनी उत्तर दिलं होतं! मी खुर्चीतून उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले. आनंद म्हणावा तर तो होता, आणि त्याच्या पाठोपाठ असा संताप आला की हातातला पेला भिंतीवर आपटावासा वाटला. माझ्या बापाचं उत्तर कुणीतरी कापलं, आणि इतकी वर्षं तो मुका म्हणून गावानं हिणवला.

कुणीतरी म्हणजे कोण, याला फार डोकं लागत नव्हतं. चाक तुझं, माडी तुझी, संगणक तुझा. आई मला 'संशयी शरा' म्हणते, "देवाच्या प्रसादातही खडा शोधते" म्हणते. पण या खेपेला खडा दाताखालीच आला होता. मग मागचं सगळं वेगळंच दिसायला लागलं. त्या तबकडीनंतर मास्तरांचा प्रत्येक प्रसंग तूच ध्वनिमुद्रित केलास. त्यांच्या मुलाच्या लग्नात पुढे पुढे तूच करत होतास. अप्पय्यांकडे सणावाराला यायचास, पण माझ्याकडे बघून बोलायचास, त्यांच्याकडे बघून नाही. चाक हातात देऊन मला धंदा शिकवलास, तेही मला आता खटकायला लागलं. घरचा माणूस, आईचा सख्खा भाऊ, आणि बसला दुसऱ्याच्या रथावर. शल्य आमच्या घरात होता खरा, पण तो अप्पय्या नव्हते, तू होतास. हे वाक्य मी मनात इतक्या वेळा म्हटलं की ते मला आवडायला लागलं. रागावू नकोस, वाच पुढे.

आईला विचारलं तर तिनं हातातला झारा दाखवला. "सुगीच्या दिवसांत मला तबकड्या विचारायला आलीस? जा, बायकांना कषाय नेऊन दे." तिच्यावरही संशय आला. अप्पय्यांना आडून विचारलं. ते अंगणात सुपारीच्या राशीतून सडकी वेचत होते. वर न बघताच म्हणाले, "जसं आहे तसं राहू दे, शरा. तुला घरघर काढायला सांगितलीय ना? ती काढ." समारंभाला पहिल्या रांगेत बसायचं कबूलही केलंय त्यांनी. म्हणजे मास्तरांचा प्रश्न आणि स्वतःचं मौन ते चारचौघांत ऐकणार, वर टाळ्याही वाजवणार. मला ते सहन होईना. म्हणून मी ठरवलं की समारंभात तबकडी त्या जागी आली की थांबवायची, सगळ्या घाटासमोर कर्ण्यातून तो अडकित्ता हळू करून ऐकवायचा, आणि विचारायचं, 'आता सांगा, शल्य कोण झालं?' अप्पय्यांच्या डोळ्यांदेखत त्यांचं नाव धुऊन काढायचं. त्यांच्या मागे धुतलं काय आणि न धुतलं काय.

पण मास्तरांचा चेहरा मला आधी बघायचा होता. चोराला सांगून धाड घालू नये हे कळतं, तरी राहवेना. संगणक काखोटीला मारून सिद्धापूरला गेले. शाळेमागच्या घरात ओसरीवर ते एकटेच वाटाणे सोलत बसले होते. "ये, सुब्रायण्णाची ना तू? नाक त्याचंच," म्हणून त्यांनी आत कषाय टाकलं. मी लगेच तो तुकडा लावला आणि हळू केला. डोळे मिटून त्यांनी तीनही कट् ऐकले. मी टक लावून बघत होते, चेहऱ्यावरची एक रेषाही हलली नाही. मग म्हणाले, "हा तुझा अज्ज. सुपारी कातरताना जीभ बाहेर काढायचा." आणि वर, "तिम्मप्पाच्या हाताला त्या दिवशी थारा नव्हता. नाहीतर एकच तुकडा तीनदा लावण्यातला तो नव्हे."

मी तिथंच धरलं. "म्हणजे कापलंय!" "कापलंय तर. मी तिथंच होतो." "काय उत्तर होतं? तुम्हाला पेललं नाही इतकं भारी होतं?" मास्तर हसले. "भारी होतं खरं." मग शाळेत धडा सांगावा तशा सरळ आवाजात त्यांनी सांगितलं. प्रश्न झाल्या झाल्या अप्पय्या शल्याच्याच आवाजात गरजले, "सूतपुत्रा, आमच्या अंगणात सुपारी सोलायला बसलेल्या तुझ्या आईला विचारून ये तुझा बाप कोण, आणि मग मला प्रश्न विचार." वाटाण्याची शेंग हातात तशीच धरून मास्तर म्हणाले, "आता तूच सांग शरावती, कर्णाची आई सुपारी कुठं सोलत होती?"

मामा, ती कर्णाची आई नव्हतीच. मास्तरांची आई देवम्मा आमच्याच अंगणात सोलायला यायची, लहानग्या आनंदला पोत्यावर निजवून. त्या पोराच्या बापाचं नाव गावात कुणी कधी घेतलं नाही. हे मला लहानपणापासून माहीत होतं, जसं सगळ्यांना माहीत असतं, आणि कुणी बोलत नाही. कर्णाला त्याच्या जन्मावरून डिवचणं खेळात बसतं. शल्यानं ते केलंच पाहिजे. पण त्या एका वाक्यात अप्पय्या कर्णाला सोडून समोर बसलेल्या माणसाकडे गेले.

मास्तरांनी पुढचं सांगितलं ते तुझ्यासाठी नवं नाही, पण मी ऐकलं कसं ते तुला कळू दे. पेटी थांबली, अज्जाचा अडकित्ता थांबला. "सगळ्यांच्या आधी त्यालाच कळलं काय बोललो ते," मास्तर म्हणाले. "चपला न घालता उतरला माडीवरून." दुसऱ्या दिवशी अप्पय्या देवम्माच्या दारात उभे. अख्ख्या गावात दुसऱ्याच्या ओसरीला न टेकणारा माझा बाप, त्यानं तिचे पाय धरले. आणि ती म्हातारी म्हणाली, "उठा हेगडेरे, कषाय निवतंय." मास्तर धुमसत होते. हा प्रसंग तबकडीवर घालायचाच नाही म्हणाले. तेव्हा अप्पय्या म्हणाले, "तुझ्या जन्मातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे तो. माझ्यापायी तो पोत्यात घालू नकोस." मग तू म्हणालास म्हणे, की सुब्रायभावजी, दुसरं उत्तर बोला, मी असं जोडून देतो की ब्रह्मदेवाला कळणार नाही. त्यावर अप्पय्यांनी मान हलवली. "उत्तर नव्हतं म्हणून तर ते तोंडातून निघालं, तिम्मप्पा. माझ्याकडे काही नव्हतं हेच खरं आहे. तेवढंच ऐकू दे लोकांना."

माझ्यासमोरचं कषाय निवलं होतं. मी ते तसंच प्याले. मला रडू आलं, आणि मास्तरांनी वाटाण्याची परात माझ्याकडे सरकवली, "बसलीच आहेस तर सोल." आम्ही दोघांनी मिळून परात संपवली. निघताना मी विचारलं, समारंभात हा प्रसंग नको म्हणून सांगू का समितीला? "का? तुझा बाप पहिल्या रांगेत बसणार आहे. त्याला त्याची जागा ऐकू दे," म्हणाले. घरी आले तर अप्पय्या सोलणाऱ्या बायकांसाठी उन्हात चटईचा आडोसा बांधत होते. "झाली का साफसफाई?" त्यांनी विचारलं. "होतेय," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं, मग एक दोरी माझ्या हातात दिली आणि दुसरं टोक बांधायला गेले. माझ्या बापानं एका माणसाचा असा अपमान केला, याचा मला राग आहे. तो अजून गेलेला नाही. आणि त्याच माणसानं त्यासाठी आयुष्यभर गावाची थट्टा झेलली, म्हणून त्याच्यावर जीवही ओवाळून टाकावासा वाटतो. दोन्ही एकदम वाटतं, त्याला इलाज नाही.

आता तुला हे का लिहिलं ते सांगते. तुझी चूक मी दुरुस्त केली आहे. प्रसंगाच्या सुरुवातीपासून अज्जाचे वेगवेगळे कट् शोधून काढले, एक अर्धवट, एक जोरात, एक नुसताच घसरलेला, आणि ते त्या मौनात त्याच्या बेतालपणानं पेरले. आता चाक कुणी कितीही पळवो, कितीही हळू फिरवो, तिथं ठिगळ सापडायचं नाही. देवम्माचं नाव आता त्या मौनातून कुणी उकरून काढू शकणार नाही. अप्पय्यांचा श्वास मात्र मी ठेवला आहे. तो तूही ठेवलास, स्वतःचाच धडा मोडून; का, ते विचारत नाही. तो श्वास तोकडा आहे, मामा. ठरवून बोलणारा माणूस पोटभर श्वास घेतो. हा भाजल्यावर घेतात तसा आहे. मला तेवढा पुरे आहे. पण तुझ्या त्या 'खिळा' कप्प्यात कापलेलं वाक्य अजून आहे, हे मी पैजेवर सांगते, कारण तू कधी काही फेकलेलं नाहीस. ते मला पाठवू नकोस. पाठवलंस तर मी ते हळू करून ऐकल्याशिवाय राहणार नाही, तू मला ओळखतोस. शब्द मला मास्तरांकडून कळले, पण शब्दांमधल्या फटीत काय होतं, राग होता की आधीपासून जपून ठेवलेलं काही, ते चाक मला सांगून टाकेल, आणि मग पहिल्या रांगेत बसलेल्या माणसाकडे मला बघता येणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा एक संशय मला तसाच ठेवायचा आहे. म्हणून समारंभाच्या आधी ते तूच पूस, तुझ्या हातानं. पुसलंस की फोन कर, आणि मी काही बोलायच्या आत नेहमीसारखं 'ऐकू येत नाही' म्हण. मी समजेन.

तुझीच,
शरावती